कोलंबो बंदराबाहेरच्या टुकटुकवाल्याच्या वहीत माझं मराठी दिसलं तर त्यावर विश्वास ठेवू नका

हे लिहायला मला तीन महिने लागले. आधी वाटलं जाऊ दे, पैसे गेले ते गेले, कुठे चारचौघांत सांगत बसायचं. पण परवा ओळखीतल्या एकींचा फोन आला, त्या आणि त्यांचे मिस्टर मार्चमध्ये क्रूझवर चाललेत, कोलंबोला एक दिवस थांबा आहे, तिथे काय बघावं असं विचारत होत्या, आणि माझ्या पोटात गोळाच आला. कारण त्या बंदराच्या गेटबाहेर एक माणूस उभा असतो, त्याच्याकडे एक वही असते, आणि त्या वहीत माझ्या हाताने मराठीत लिहिलेलं अर्धं पान आहे. तो ते पान मराठी माणसांना दाखवणार, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून लिहितेय.

आम्ही तिघं होतो, मी, हे आणि माझ्या नणंद, म्हणजे वन्सं. वन्संची मुलगी सिंगापूरला असते, तिच्याकडे जायचंच होतं तर एकदा जहाजाने जाऊ असं ठरलं, मुंबईहून कोची, कोलंबो, फुकेत करत. नोव्हेंबर होता, समुद्र शांत, तक्रारीला जागाच नव्हती. कोलंबोला सकाळी नऊला जहाज लागलं. पाचला सुटणार, सगळ्यांनी साडेचारला आत हवं, असा कागद आदल्या रात्रीच खोलीत आला होता. जहाजवाल्यांची स्वतःची शहर दाखवायची सहल होती, माणशी ७० डॉलर. ह्यांनी हिशेब केला, तिघांचे २१० डॉलर, म्हणाले एवढ्यात आपण शहर दोनदा बघू. तसं ते खोटं नाही. पण जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं आणि आपण आपले गेलो आणि उशीर झाला तर थांबत नाही, पुढच्या बंदराला स्वतःच्या पैशाने गाठायचं. हे बाहेरच्या टुकटुकवाल्यांना, म्हणजे तिकडच्या रिक्षावाल्यांना, आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. आमची सगळी फसवणूक ह्याच्या जिवावर झाली.

बंदराच्या आत पायी फिरू देत नाहीत, बस गेटपर्यंत सोडते. गेटबाहेर पडलो तर वीस-पंचवीस जणांनी घेरलं, एकच गलका, आणि आम्ही जरा बाजूला सरकलो तिथे हा उभा होता. आरडाओरडा नाही, पांढरा इस्त्रीचा शर्ट, पन्नाशीचा असेल. हात जोडून आयुबोवन म्हणाला, मला आणि वन्संना अम्मा म्हणाला, आणि त्या गर्दीकडे बघून आम्हालाच म्हणाला की ह्यांच्याकडे जाऊ नका, हे फसवतात. मग लॅमिनेट केलेला फोटोंचा कार्ड काढला, गंगारामय्या मंदिर, इंडिपेंडन्स स्क्वेअर, नॅशनल म्युझियम, गॉल फेस, सगळं दाखवतो, तीन तास, टेन डॉलर. ह्यांनी दोनदा विचारलं, टेन डॉलर टोटल? तो म्हणाला यस सर, टेन डॉलर. टोटल हा शब्द तो स्वतः एकदाही म्हणाला नाही हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

मी शाळेत इतिहास शिकवायचे, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. मला कोलंबोत खरं म्हणजे एकच गोष्ट बघायची होती, म्युझियममधलं कँडी ह्या तिथल्या जुन्या राज्याच्या शेवटच्या राजाचं सिंहासन. इंग्रजांनी १८१५ मध्ये कँडी घेतली, राजाला आपल्याकडे वेल्लोरला आणून ठेवलं, तो तिथेच १८३२ मध्ये वारला आणि सिंहासन गेलं इंग्लंडला, ते परत मिळालं १९३४ मध्ये. हे मी त्याला सांगितलं तर म्हणाला येस येस अम्मा, लास्टला जाऊ, आधी मंदिर, कारण आज हत्तींचा उत्सव आहे, शंभर हत्ती, आजचा शेवटचा दिवस, बारानंतर संपेल.

वाटेत पेट्टा बाजारातली ती लाल-पांढऱ्या पट्ट्यांची मशीद दाखवली, धड उतरूही दिलं नाही, हत्ती जातील म्हणून. मंदिरात हत्ती नव्हते. म्हणजे एक होता, पेंढा भरलेला. घरी आल्यावर कळलं की गंगारामय्याची हत्तींची मिरवणूक खरोखर असते, नवम पेराहेरा म्हणतात, पण ती फेब्रुवारीतल्या पौर्णिमेच्या सुमारास आणि रात्री निघते. नोव्हेंबरात सकाळी अकराला कुठले हत्ती? तो म्हणाला, सॉरी अम्मा, आत्ताच गेले. आणि आम्ही मानलं, कारण मंदिर मनापासून आवडलं होतं. बुद्धाच्या रांगाच्या रांगा, हस्तिदंताच्या वस्तू, जुन्या मोटारगाड्यासुद्धा, आणि जवळच बेरा तलावातलं सीमा मालक नावाचं मंदिर, पाण्यावर तरंगल्यासारखं, वारा असा की वन्सं म्हणाल्या वहिनी, इथेच बसून राहू. तिथे त्याने वही काढली. लाल पुठ्ठ्याची, कडा मळलेल्या, आत जर्मन, इंग्रजी, बंगाली, काय काय लिहिलेलं. म्हणाला, अम्मा, तुमच्या भाषेत लिहा ना, तुमच्या लोकांना दाखवीन. मन प्रसन्न होतं, मी लिहिलं.

मंदिराच्या दारात एक गृहस्थ भेटले. चष्मा, बगलेत फाईल, तुम्ही इंडियातून का, मी शाळेत शिक्षक आहे. झालं, मी खुलले. पाच मिनिटं शाळांबद्दल बोलले आणि जाताजाता म्हणाले, आज आलात हे फार छान, वर्षातून एकदा सरकार रत्नांवरचा टॅक्स माफ करतं, आज शेवटचा दिवस, मीही बायकोसाठी घ्यायला चाललोय. हत्तींचाही शेवटचा दिवस आणि रत्नांचाही शेवटचा दिवस, आता लिहिताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. शिक्षकही त्यांचाच माणूस होता. ड्रायव्हर तेवढ्या वेळात लांब उभा राहून चाक तपासत होता, जणू त्याचा काही संबंधच नाही.

आता वन्संचं सांगते, त्यांना विचारूनच लिहितेय. त्यांच्या मुलाची रास कुंभ, साडेसाती चालू, नोकरी गेलेली, लग्न मोडलेलं. गुरुजींनी नीलम घालायला सांगितला होता आणि इकडे किंमत ऐकून त्या गप्प बसल्या होत्या. श्रीलंकेचा नीलम जगात नावाजलेला आहे, रत्नपुरा म्हणून गावच आहे तिकडे रत्नांचं. त्या म्हणाल्या, अरे बघूया तरी. कोणी आपल्याला ओढून नेत नाही, आपल्या मनातलं दुखणं त्यांना आधीच माहीत असतं. त्या दुकानात आम्ही बसलो, चहा आला, आणि माणसाने पहिला प्रश्न हिंदीत विचारला, कौनसी राशी? भारतातून येणाऱ्या किती आयांना त्याने हे विचारलं असेल.

दुकानाचा दरवाजा आतून बटण दाबल्यावर उघडणारा होता. निळ्या मखमलीवर पाच खडे मांडले. पेनासारखं एक यंत्र खड्याला टेकवलं, पीं वाजलं आणि दिवे लागले, मग काचेच्या तुकड्याला टेकवलं, काही वाजलं नाही. बघा, असली. ९०० डॉलर सांगितले, उठलो तर ६००, दाराशी आलो तर बटण काही दाबेना, मॅनेजरशी बोलतो म्हणाला, आणि शेवटी चांदीच्या अंगठीसकट ३५०. ह्यांच्या क्रेडिट कार्डवर गेले, आपले साधारण तीस हजार. सर्टिफिकेट दिलं, सोनेरी शिक्का असलेलं. ते त्याच दुकानाने छापलेलं होतं हे नंतर वाचलं.

बाहेर आलो तेव्हा सव्वा वाजून गेला होता. म्हटलं आता म्युझियम. म्हणाला ट्रॅफिक आहे, आतून नेतो. कोलंबोत लोटस टॉवर आहे, कमळाच्या कळीसारखा, साडेतीनशे मीटर उंच, शहरात कुठूनही दिसतो. तो आधी माझ्या डावीकडे होता, मग उजवीकडे गेला, मग मागे, आणि अर्ध्या तासाने परत डावीकडे. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा आपल्याला नुसता गोल फिरवतोय. म्युझियमऐवजी बाटिकचं दुकान आलं, मग चहाचं. पाचच मिनिटं अम्मा, काही घेऊ नका, फक्त आत जा, मला पेट्रोलचं कूपन मिळतं. मी म्हटलं उतरणार नाही. तर इंजिन बंद करून हा खाली बसून राहिला. वेळ आपला जातो, त्याचा नाही. शेवटी चहाच्या दुकानात गेलो, दोन डबे घेतले, ज्यांच्यावर सिलोन चहाचा तो तलवार धरलेला सिंहसुद्धा नव्हता.

तीन वाजले आणि म्हटलं बस, आता सरळ बंदरात सोड. त्याने टुकटुक गोदामांच्या एका बोळात नेलं, हमाल, हातगाड्या, ट्रक, आणि तिथे थांबवून मागे वळला. चेहरा तोच होता पण अम्मा गेलं होतं. टेन डॉलर माणशी, तासाला. तीन माणसं, पाच तास, दीडशे डॉलर. ह्यांचा आवाज चढला तर म्हणाला ओके सर, उतरा, पोलिसांकडे जाऊ, दोन तास लागतील, तुमची शिप किती वाजता? एवढंच बोलला आणि मोबाईल बघत बसला. आमच्या फोनला तिथलं सिम नाही, पासपोर्ट जहाजावर जमा, बोळ कुठला माहीत नाही आणि वन्संना घाम सुटलेला, त्यांना बीपीचा त्रास आहे. वीस मिनिटं वाद घातला. शेवटी ह्यांनी कमरेच्या पाकिटातली शंभराची नोट काढून दिली. तिथून गेट सात मिनिटांवर होतं. सात मिनिटं! मी घड्याळ बघितलं होतं. गेटवर एक शहाळेवाला होता, आमची तोंडं बघून त्यानेच विचारलं, किती दिले, आणि ऐकून म्हणाला एवढ्यात दिवसभर एसी मोटार मिळते. आमच्याकडून शहाळ्याचे पैसे घेईना, सक्तीने दिले. तेव्हा तिथली सगळी माणसं अशी, असं कुणी म्हणू नका, मी म्हणत नाही.

खड्याचं नाशिकला आल्यावर कळलं. आमच्या नेहमीच्या सराफांनी भिंगाखाली धरला, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग मलाच भिंग दिलं. म्हणाले काकू, आत रेषा दिसतात का? दिसत होत्या, बारीक, वाकलेल्या, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा, आणि एका कडेला टाचणीच्या टोकाएवढे दोन बुडबुडे. म्हणाले खाणीतल्या नीलमात रंगाच्या रेषा सरळ असतात, कोन करून वळतात, अशा गोल वळत नाहीत. हा कारखान्यात केलेला आहे. द्रव्य नीलमचंच, कडकपणा तोच, म्हणून ते पीं वाजणारं यंत्र ह्यालाही वाजतं, खोटं काही वाजलं नाही, फक्त प्रश्न चुकीचा विचारला. किंमत विचारली तर काही शे रुपये म्हणाले आणि वन्संकडे न बघता अंगठी परत डबीत ठेवली. वन्सं घरी येईपर्यंत रिक्षात एक शब्द बोलल्या नाहीत. मला तीस हजारांपेक्षा ते जास्त लागलं. बँकेत तक्रार केली, पण पिन आम्हीच टाकलेला आणि बिलावर नीलम किंवा सफायर शब्दच नाही, नुसतं ब्लू स्टोन, सिल्व्हर रिंग. कागदाप्रमाणे त्याने जे विकलं ते दिलं.

आता ज्या जाणार आहेत त्यांना हात जोडून सांगते. कोलंबोत पिकमी नावाचं ॲप आहे, उबरही आहे, जहाजाचं वायफाय असतानाच फोनमध्ये घालून ठेवा, तिथे उतरल्यावर सिम घ्या, आणि गेटसमोर न घेता थोडं पुढे फोर्ट नावाच्या भागाकडे चालत जाऊन टुकटुक बोलवा, भाडं आधीच दिसतं, श्रीलंकन रुपयांत. गेटवरचाच घ्यायचा असेल तर कागदावर त्याच्यासमोर लिहा, तिघांचे मिळून, पूर्ण फेरीचे, इतके रुपये, दुकान नाही, आणि त्याला वाचून सही करायला सांगा, खरा असेल तो करेल. नंबर प्लेटचा फोटो त्याच्या देखतच काढा. डॉलर तर काढूच नका, डॉलर म्हटलं की आपल्याला दहा म्हणजे थोडे वाटतात. पैसे गेटच्या बाहेर उतरल्यावरच, आणि जहाजाच्या वेळेच्या दोन तास आधी परत फिरा, कारण घड्याळ जितकं जवळ येईल तितका त्याचा भाव वाढतो. खरी वेळ सांगूच नका, दीड तास अलीकडची सांगा. तिथल्या पर्यटन खात्याची हेल्पलाईन १९१२ आहे, ती फोनमध्ये असू द्या, आणि नंबर लावून स्पीकरवर ठेवला असता तर तो बोळात थांबला नसता असं मला आजही वाटतं. खडा घ्यायचाच असेल तर सरकारचं नॅशनल जेम अँड ज्वेलरी अथॉरिटी म्हणून खातं आहे तिथे, आधी तिथे तपासू मग पैसे देऊ म्हणायचं, आणि बिलावर नॅचरल सफायर, वजन, सगळं लिहून घ्यायचं. पण एका दिवसाच्या थांब्यात तेवढा वेळ नसतो, तेव्हा घेऊच नका. साडेसातीसाठी तर नकोच, वन्संनी स्वतः हे लिहायला सांगितलंय.

आणि ती वही. लाल पुठ्ठा, मधल्या पानांत कुठेतरी, निळ्या पेनने, डावीकडच्या पानावर वरच्या अर्ध्यात माझं अक्षर आहे, शाळेतल्या फळ्यासारखं गोल. लिहिलंय, "अतिशय सज्जन माणूस. वडीलधाऱ्यांना जपून फिरवतो. आपल्या लोकांनी निर्धास्त जावे." खाली नाशिक आणि तारीख. तेव्हा माझ्या मनात होतं तेच मी लिहिलं होतं. ती वही तुमच्या हातात आलीच तर तो वळलेला असताना त्याच पानाच्या खालच्या अर्ध्यात, रिकामं आहे ते, मराठीत एवढं लिहा की वरचं लिहिणाऱ्या बाईंनी आपले शब्द परत घेतले आहेत.