मोरी, सुरमई, बांगडा की रोहू? पोटुशीच्या ताटात कोणता मासा वाढायचा

माझ्या पुतणीला पाचवा महिना लागला आणि डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्यातून दोनदा मासे खा. लगेच घरात दोन तट पडले. तिच्या सासूबाई म्हणाल्या, समुद्राच्या माशात हल्ली केमिकल असतं, कृष्णेचा ताजा मासा आणा. माझी आई म्हणाली, नदीत सांडपाण्याचा शेरीनाला मिसळतो, त्यापेक्षा रत्नागिरीहून आलेला बरा. बाजारातल्या मावशींनी तर पुढचंही सांगून ठेवलं, "बाळंत झाली की मोरी ने ताई, दूध उतरतं." सांगलीत अशा कोड्यात पडलेली घरं बरीच असतील, म्हणून वाचून-ताडून जे हाती लागलं ते मांडते.

भीती कशाची, ते आधी वेगळं करून घेऊ. नासका मासा एका दिवसात पोट बिघडवतो, ते कळतं. इथे प्रश्न वर्षानुवर्षं न विरणाऱ्या रसायनांचा आहे: मिथाइल पारा (माशांच्या अंगात साठतो तो पारा याच रूपातला), जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातले पीसीबी, कीटकनाशक डीडीटी, कचरा जळताना तयार होणारं डायॉक्सिन आणि न चिकटणाऱ्या तव्यांपासून आग विझवायच्या फेसापर्यंत वापरली गेलेली पीएफएएस. भारतात शेतीसाठी डीडीटी १९८९ साली बंद झालं, तरी मातीत आणि गाळात त्याचा अंश अजून सापडतो. शेवाळातून ही द्रव्यं किड्यांत, किड्यांतून लहान माशांत, तिथून मोठ्या माशांत जातात आणि प्रत्येक पायरीवर त्यांचं प्रमाण वाढतं. मोठा मासा लहान माशाला खातो, ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. खाल्लेल्या प्रत्येक लहान माशातला पारा त्याच्या अंगात साठत जातो. त्यामुळे मासा नदीचा की समुद्राचा, याआधी तो काय खातो आणि किती वर्षं जगलाय ते विचारायला हवं.

सुरमई आणि बांगडा-तारली यांतला फरक म्हणूनच फार मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने मिथाइल पाऱ्यासाठी मर्यादा घातली आहे: शरीराच्या दर किलो वजनामागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम. ही मर्यादा पोटातल्या बाळाच्या मेंदूचा विचार करूनच ठरवलेली आहे. ६० किलोच्या बाईला ती ९६ मायक्रोग्रॅम पडते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या तपासण्यांत, आपल्या सुरमईची थोरली बहीण म्हणावी अशा किंग मॅकरेलमध्ये ग्रॅममागे सरासरी ०.७३ मायक्रोग्रॅम पारा आढळला. म्हणजे मिळून दीडशे ग्रॅम भरणाऱ्या दोन तुकड्यांत साधारण ११०. आठवड्याची मर्यादा एका जेवणातच ओलांडली! तारलीच्या जातकुळीतल्या सार्डिनमध्ये हाच आकडा ०.०१३ आहे, दीडशे ग्रॅममागे जेमतेम दोन मायक्रोग्रॅम. हे आकडे तिकडच्या पाण्यातले आहेत आणि आपल्याकडे मिळणारी किलोभराची कोवळी सुरमई त्या थोराड माशाइतकी पाऱ्याने भरलेली नसणार, हे खरं. पण क्रम तोच राहतो. बांगडा तारलीपेक्षा थोडा वर, तरी सुरमईच्या कितीतरी खाली. शिवाय बाळाच्या मेंदूला लागणारं ओमेगा-३ बांगड्या-तारलीत भरपूर असतं आणि किंमतही सुरमईपेक्षा बरीच कमी. पाहुणे आले की सुरमई आणि एरवी बांगडा, ही आपली जुनी रीत पोटुशीच्या बाबतीत फायद्याचीच ठरते.

पापलेट परवडत असेल तर खुशाल घ्या. ते बारीक तरंगते जीव खातं.

मोरीबद्दल मात्र मला आग्रहाने सांगायचंय. मोरी म्हणजे शार्कच. ती शिकार करते, सावकाश वाढते आणि बरीच वर्षं जगते. पाऱ्याच्या यादीत शार्क अगदी वरच्या माशांमध्ये येतो, आणि नेमका तोच आपण मायेने बाळंतिणीला देतो. आपल्याकडची मोरी बहुधा लहान असते, पण ज्या काळात इतर कितीतरी मासे मिळतात त्या काळात ही जोखीम कशाला घ्यायची? गरोदरपण त्याहून नाजूक. पारा वारेतून बाळाकडे सहज जातो आणि नाळेच्या रक्तात आईच्या रक्तापेक्षा जास्त सापडतो. दुधातून तो त्यामानाने कमी उतरतो, म्हणून या भीतीपोटी अंगावरचं दूध कुणी तोडू नये. शरीरातला निम्मा मिथाइल पारा जायला साधारण पन्नास दिवस लागतात. त्यामुळे मूल व्हावं असं मनात असेल तर मोरी आणि मोठी सुरमई तेव्हापासूनच बाजूला ठेवावी.

आता सासूबाईंचा मुद्दा. रोहू-कटला अन्नसाखळीत खालचे मासे, त्यामुळे त्यांच्यात पारा कमी असतो. ओमेगा-३ मात्र बांगड्याइतकं नाही. मरळ ताकदीची म्हणून आजाऱ्याला देतात, पण ती बेडूक आणि मासे खाणारी आहे, तेव्हा रोहूच्या वरच्या पायरीवर. कोयना-वारणेच्या धरणातला किंवा शेततळ्यातला रोहू मिळाला तर मी तो आधी उचलीन. सांगली शहराच्या खालच्या अंगाला, सांडपाणी मिसळतं तिथे धरलेला, विशेषतः गाळ उकरून खाणारा मासा मी पोटुशीला देणार नाही. नदीत मासे मरून तरंगायला लागले की लोक पाट्या घेऊन धावतात. ते मासे बहुतेकदा पाण्यातला प्राणवायू संपल्याने मेलेले असतात, पण पाण्यात काय मिसळलं होतं हे ठाऊक नसताना ते शिजवू नयेत. थाई मांगूर तर कितीही स्वस्त मिळाला तरी नको. त्याच्या पैदाशीवर २००० सालापासून बंदी आहे आणि चोरून पाळणारे त्याला कत्तलखान्यातली घाण घालतात.

सुकट आणि सुके बोंबील आपल्याकडे बारमाही. पाणी आटल्यामुळे ग्रॅममागे सगळंच घट्ट होतं, पण चिमूटभर सुकटीने फार बिघडत नाही. मला काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. माश्या बसू नयेत म्हणून सुक्या मासळीवर कीटकनाशक मारल्याचं बांगलादेशात आढळलेलं आहे. ओळखीच्या कोळणीकडूनच घ्यावी.

मीठ-हळद लावून धुतलं की विष निघतं, असं आई म्हणते. वास जातो, पारा जात नाही, कारण तो मांसातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो. डीडीटी, पीसीबी आणि डायॉक्सिन चरबीत राहतात. तिथे आतडी, काळीज, पोटाकडची चरबी आणि कातडी काढून टाकल्याने खरंच फरक पडतो. त्यासाठीच मासा भाजून सुटलेली चरबी टाकून द्यावी, रश्श्यात ती ताटातच येते. लहान मुलांना तुकडा लहान द्या. १५ किलोच्या पोराची आठवड्याची मर्यादा २४ मायक्रोग्रॅम, म्हणजे किंग मॅकरेलसारख्या थोराड माशाचा ३५ ग्रॅमचा तुकडासुद्धा त्याला जास्त होतो.

पुतणीसाठी आम्ही ठरवलं ते असं: बुधवारी बांगडा किंवा तारली, रविवारी धरणातला रोहू. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते, तेव्हा दोन्ही दिवस रोहू. सुरमई बारशाला, तीही पाहुण्यांसाठी. मोरी आणायची नाही. मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "माझ्या सुनेला पण सहावा आहे." आणि टोपलीतले चार बांगडे निवडून बाजूला ठेवले.