वारा सुटलेला असताना डॉल्फिन सफरीचे ₹४,५०० घेतले, एक रुपया परत नाही

सहा माणसं, माणशी ₹७००, वर लाइफ जॅकेटचे म्हणून प्रत्येकी ₹५०. ₹२,००० आदल्या रात्री यूपीआयने, उरलेले ₹२,५०० किनाऱ्यावर रोख. पावती नाही. कबूल केलं होतं: एक तास, खुल्या समुद्रात, डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे परत. मिळाली बावीस मिनिटं, तीही खाडीत.

खाडीच्या मुखाशी बोट आपटायला लागली आणि तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, ती वळवली. त्याचं बरोबरच होतं. ओहोटीचं पाणी बाहेर पडताना समोरून वारा आला की तिथे लाटा उंच आणि अगदी जवळजवळ उठतात. राग पैसे घेणाऱ्यावर आहे. बोट बाहेर जाणार नाही हे त्याला जेटीवरच ठाऊक होतं.

तिथेच आम्हालाही कळायला हवं होतं! साडेअकरा वाजलेले. मासेमारीच्या होड्या सगळ्या खाडीत नांगरलेल्या. लांबवर लाटांचे माथे फुटून पांढरे दिसत होते. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा असतो तोवर, म्हणजे सकाळी सात ते नऊ, पाणी शांत असतं. उन्हं चढली की समुद्राकडून येणारा खारा वारा वाढतच जातो. सगळीकडे फेस दिसला की डॉल्फिन शोधणं संपलं, कारण त्याची पाठ सेकंद-दोन सेकंदच वर येते. हे सगळं डोळ्यांसमोर होतं, पण मुलं जॅकेट घालून बसली होती, आगाऊ पैसे गेले होते. अशा वेळी कोण मागे फिरतं?

फलकावर देवमाशाची शेपटी रंगवली होती. कोकणच्या समुद्रात देवमासे आहेत, पण खूप बाहेर. तासाभराच्या सफरीत ते दाखवू म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊच नका.

परतावा बुडवायची युक्ती वेगळीच. वळताना बोटीवरचा पोरगा ओरडला, "तो बघा पंख!" ती लाट होती. किनाऱ्यावर उत्तर तयार: "दिसला ना साहेब, मग पैसे कसले?" 'दिसला' कुणी ठरवायचं, हे आधी लिहून घ्या.

पोलीस चौकीत म्हणाले, बंदर खात्याचा विषय. बंदर कार्यालयाला रविवारचं कुलूप. सोमवारी फोनवर विचारलं, "बोटीचा नंबर?" तो आम्ही टिपलाच नव्हता. पर्यटन कार्यालय म्हणालं, खासगी व्यवहार आहे, लेखी द्या. लेखी दिलं, तर पोच द्यायला नकार! सुट्टीच्या दिवशी शेकडो माणसं पाण्यात उतरतात आणि त्याच दिवशी तक्रार घ्यायला कुणी नाही, हे कसं चालतं?

चढण्याआधी नाळेवरच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरच्या, नंबरचा फोटो काढा. जॅकेट मोजा, आमच्या बोटीत चौदा माणसं, नऊ जॅकेटं. ग्राहक हेल्पलाइन १९१५. यूपीआयवरचं नाव समोरच्या माणसाचं आहे का, तेही पैसे पाठवण्याआधी बघा. आमचे गेले ते तिसऱ्याच कुणाच्या खात्यात.