डीजीसीएचं पत्र खरं होतं, आमचा वर्ग खोटा होता

एप्रिलमध्ये पीयूसी सेकंड इयरचा, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीचा, निकाल लागला की बेळगावात हॉटेलांचे हॉल सेमिनारवाल्यांच्या ताब्यात जातात. सायन्स घेतलंय, पण सीईटीचा रँक लांब गेलाय, अशा मुलांच्या घरी फोन सुरू होतात. नंबर कुठून मिळतात देव जाणे. "काका, पोरग्याला एअरक्राफ्ट इंजिनिअर करूया की! फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स आहे न्हवं? मग झालं तर." खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरीही असाच फोन आला. त्यात साडेचार लाख रुपये गेले. ते कसे गेले हे सविस्तर लिहितोय, कारण आम्ही कागद मागितला होता, वाचला होता आणि तरीही आमची फसवणूक झाली.

आधी हे शिक्षण काय असतं ते सांगतो. एरोनॉटिकल इंजिनिअरिंग ही विद्यापीठाची डिग्री. एएमई, म्हणजे एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरिंग, याचा शेवट डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याच्या, लायसनमध्ये होतो. विमानाची तपासणी-दुरुस्ती झाली की 'हे उडायला योग्य आहे' अशी सही करायचा अधिकार त्या लायसनवाल्याचा. डीजीसीएच्या नियमावलीला सीएआर म्हणतात: लायसनचे नियम सीएआर-६६ मध्ये, शिकवणाऱ्या संस्थांचे सीएआर-१४७ मध्ये. त्यात परत वर्गवारी: टर्बाइन इंजिनच्या विमानांना बी१.१, पिस्टनवाल्यांना बी१.२, एव्हिऑनिक्सला, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सला, बी२. मॉड्यूलच्या, म्हणजे एकेका विषयाच्या, परीक्षेत पासिंग ७५ टक्क्यांना. आणि सगळे पेपर सुटले तरी लायसन लगेच मिळत नाही, चालू विमानांवर कामाचा अनुभव दाखवावा लागतो. मान्यताप्राप्त कोर्स केला असेल तर तो काळ कमी, नसेल तर बराच जास्त. सेमिनारमध्ये यातले 'लायसन' आणि 'पगार' हे दोनच शब्द पुनःपुन्हा ऐकू आले.

स्क्रीनवर हत्तरगीच्या एरोस्पेस एसईझेडचे, म्हणजे तिथल्या विशेष औद्योगिक क्षेत्राचे, फोटो होते. "नोकरीला मुंबई-दिल्ली कशाला, कोल्हापूर रोडला हत्तरगी आहे की." हॉलमधल्या निम्म्या बापांनी तिथंच मान डोलावली. आता कळतंय की हत्तरगीला विमानाचे सुटे भाग बनतात. तिथं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) चालवणारे, टूलमेकर, क्वालिटीवाले लागतात. आयटीआय करून उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, हात बसलेला पोरगा त्या कामाला जास्त जवळचा. विमानावर सही करायच्या लायसनचा त्या मशीनशी काही संबंध नाही.

आप्पांनी मात्र हट्टच धरला की डीजीसीएचं पत्र दाखवा. काउन्सेलर मॅडमनी हसतहसत झेरॉक्स दिली. लेटरहेड, क्रमांक, मुदत, संस्थेचं नाव, सगळ्या ओळी पिवळ्या मार्करने रंगवलेल्या. ते पत्र बनावट नव्हतं. न रंगवलेल्या एका ओळीत एवढंच होतं की ही मान्यता सोबतच्या परिशिष्टातल्या ठिकाणांपुरती आहे. परिशिष्टाचं पान झेरॉक्समध्ये नव्हतं.

सगळी मेख त्या पानात. सीएआर-१४७ ची मान्यता संस्थेचं नाव बघून सगळीकडे चालत नाही. मंजुरीच्या कागदपत्रांत जी ठिकाणं लिहिलीत तिथंच वर्ग, परीक्षा आणि प्रॅक्टिकल घेता येतं, आणि ज्या वर्गवारीला मंजुरी आहे तीच शिकवता येते. पत्रावरची संस्था कर्नाटकाबाहेरच्या एका मोठ्या शहरातली. आमची 'बेळगाव ब्रँच' म्हणजे खाली सॅनिटरीचं दुकान आणि वर तीन खोल्या. पहिलं वर्ष इथं थिअरी, मग मेन कॅम्पसला हँगर, असं ठरलं होतं.

प्रॅक्टिकलच्या खोलीत स्टँडवर एक पिस्टन इंजिन होतं, वरून चंदेरी रंग मारलेलं. आम्हाला प्रवेश बी१.१ चा, म्हणजे टर्बाइनचा, पण ते असो. एका फळीवर बोल्ट बसवलेले, त्यांना लॉकवायर मारायची. बोल्ट सैल व्हायला लागला तर तार ताणून तो उलट आवळला जाईल, अशा बाजूने ती ओढायची असते. हे मला शिकवलं, चांगलं शिकवलं, आणि वर्षभर जवळजवळ तेवढंच शिकवलं.

एकदा काका मला न्यायला आले. त्यांची हयात उद्यमबागेतल्या मशीनशॉपमध्ये गेलेली. टेबलावरचा टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरावीक जोराने आवळायचा पाना, उचलून त्यांनी उलटासुलटा करून बघितला. "ह्याचं कॅलिब्रेशन कधी केलंय ओ, सर? स्टिकर दिसत नाही." सर म्हणाले, हा नुसता शिकण्यासाठी आहे. स्कूटरवर काका बराच वेळ गप्प होते. गेटापाशी आल्यावर म्हणाले, "आमच्यात पंपाचे बोल्ट आवळायला पण तारीख घातलेला रेंच लागतोय. आणि ही लोकं विमान शिकवालेत."

दुसऱ्या वर्षी आम्हाला थोडे दिवस मेन कॅम्पसला नेलं. तिथं शेड होती, विमानं होती, युनिफॉर्ममधली मुलं होती. आम्हाला कुंपणाकडच्या एका जुन्या सेसनाशेजारी उभं करून फोटो काढले. तिच्यात इंजिन नव्हतं. तेच फोटो पुढच्या सेमिनारच्या पत्रकावर छापून आले, त्यात मी डावीकडून तिसरा. परत आल्यावर लॉगबुक, म्हणजे केलेल्या प्रॅक्टिकलची नोंदवही. फळ्यावर कामांची यादी, तारखा मागच्या, खालच्या सह्या एका बैठकीत. कागदोपत्री मी टर्बाइन ब्लेडची बोरोस्कोपने, म्हणजे इंजिनच्या आत घालून बघायच्या दुर्बिणीने, तपासणी केलेली आहे. बोरोस्कोप अजून मी हातात धरलेला नाही.

मॉड्यूल परीक्षेचा अर्ज भरायची वेळ आली की उत्तर ठरलेलं, पुढच्या सेशनला. कधी मेन कॅम्पसची सही यायची राहिलेली, कधी पोर्टल बंद. शेवटी माझ्या मित्राचे मामा मदतीला आले. हवाई दलात टेक्निकल ट्रेडमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले, सांबऱ्याच्या एअरमेन ट्रेनिंग स्कूलमध्येच तयार झालेले. त्यांनी डीजीसीएची मान्यताप्राप्त संस्थांची यादी उघडली. आमच्या संस्थेचं नाव सापडलं, पत्ता सापडला, वर्गवारीही सापडली. मामांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "ह्यात बेळगाव कुठं आहे रे?"

त्यांनी तिथूनच मेन कॅम्पसच्या ऑफिसला फोन लावला आणि आमच्या वर्गातली नावं वाचून दाखवली. पलीकडच्या बाईंनी रजिस्टर बघून सांगितलं की ही मुलं आमच्याकडे नाहीत. बेळगावची ब्रँच? ती ब्रँच नव्हे, ते आमचे चॅनेल पार्टनर, नुसतं काउन्सेलिंग करतात. त्या रात्री फीच्या पावत्या काढल्या. एकाही पावतीवर पत्रातल्या संस्थेचं नाव नाही, कुठल्याशा एज्युकेशन अँड वेल्फेअर ट्रस्टचा शिक्का. हा एक फोन प्रवेशाआधी झाला असता तर काम तिथंच संपलं असतं, म्हणून सांगतो: फोन पत्रावरच्या संस्थेला करा, पत्र देणाऱ्याला नको. तिथं विचारा की माझा वर्ग कुठल्या इमारतीत भरणार आणि ती इमारत मंजुरीत आहे का. यादीत पत्ता, वर्गवारी आणि मुदत या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. भिंतीवरच्या फ्रेममधलं आयएसओचं सर्टिफिकेट आणि उद्योग नोंदणीचा कागद यांचा लायसनशी काडीचा संबंध नसतो.

जाब विचारायला गेलो तेव्हा फीचा विषयच निघाला नाही. ओरिजिनल मार्क्स कार्डांचा निघाला. एसएसएलसी, पीयूसी, टीसी, सगळं 'व्हेरिफिकेशनसाठी' जमा करून घेतलेलं. उरलेला हप्ता भरा आणि घेऊन जा, असा हिशेब. मला राग यायचा तो इथं. फी बुडाली ते एकवेळ समजू शकतो, पण पोराचं मार्क्स कार्ड तारण ठेवायचं म्हणजे हद्द झाली. वकिलांची नोटीस गेल्यावर माझे कागद परत मिळाले. कुणाचे अडकले असतील तर मार्क्स कार्डाची दुय्यम प्रत बोर्डाकडून काढता येते. वेळ लागतो, पण त्यांच्या पाया पडावं लागत नाही.

पोलिसांत पहिल्यांदा 'हे सिव्हिल मॅटर आहे' एवढंच ऐकायला मिळालं. वकिलांनी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लिहून अर्ज दिला तेव्हा पोच मिळाली. त्याशिवाय जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथं फी नाही, मात्र दोन वर्षांची मुदत असते. 'पुढच्या सेशनला' म्हणून झुलवत ठेवण्यात त्यांचा फायदा काय, हे मला मुदत मोजताना कळलं. शिक्षण ही ग्राहक कायद्यातली सेवा धरायची की नाही यावर समोरचा वकील भांडतोय. आमची भिस्त आहे ती सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालावर. पाटण्याच्या एका डेंटल कॉलेजने मान्यता नसताना ती असल्याचं भासवून प्रवेश दिले होते, आणि तिथं निकाल विद्यार्थ्यांच्या बाजूने लागला होता.

मी सध्या उद्यमबागेत क्वालिटीला लागलोय. आमच्या वर्गातल्या तिघांची मार्क्स कार्डं अजून सुटलेली नाहीत. सॅनिटरीच्या दुकानावरचा बोर्ड उतरलाय, पण निपाणी आणि चिकोडीकडे वेगळ्या नावाने सेमिनार झाल्याचं कळतंय. तिथं सीट बुक करायला ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी पावती कुणाच्या नावाची आहे ते आज रात्रीच बघावं, आणि तोवर ओरिजिनल कागद घरातून हलवू नयेत.