अँकी अ‍ॅप : इंग्रजी शब्द पाठ करणाऱ्यांसाठी, अटी लागू

इंदूरला भंवरकुआंच्या कोचिंगवाल्या पोरांना सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर बघा. एका हातात प्लेट, दुसऱ्या हातात मोबाइल आणि मोबाइलवर ‘आजचे शब्द’ सांगणारा व्हिडिओ. माझा भाचाही त्यातलाच. देवासहून आलाय, एसएससी सीजीएल या केंद्र सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षेची तयारी करतोय, रविवारी आमच्याकडे सुदामानगरला जेवायला असतो. पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुण, आणि चुकलं की अर्धा गुण कापणार. शाळा हिंदी माध्यमाची. मी इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, त्यामुळे प्रश्न माझ्याकडेच येतो : “मावशी, केलेलं टिकत का नाही गं?” टिकावं म्हणून आम्ही दोघं अँकी वापरतोय.

हे कार्डांचं अ‍ॅप आहे. पुढे प्रश्न, मागे उत्तर. मनात आठवायचं, कार्ड उलटायचं आणि अगेन, हार्ड, गुड, ईझी यांतलं एक बटण दाबायचं. कार्ड परत कधी येणार तेही बटणापाशीच दिसतं : दहा मिनिटांनी, उद्या, चार दिवसांनी. जमत गेलं की अंतर महिन्यांवर जातं, अडलं की पुन्हा जवळ येतं. कल्पना जुनीच, विसरण्याचा आलेख एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली मांडला होता. अँकी २००६ पासून आहे, आणि २०२३ मध्ये त्यात कार्ड परत कधी दाखवायचं हे ठरवणारी एफएसआरएस ही नवी गणितपद्धत आली. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करा. किती टक्के लक्षात राहायला हवं, हे तिथे विचारतात. आधीच भरलेले ९० असू द्या. हौसेने ९७ केलेत तर रोजच्या कार्डांखाली दबाल. दिसायला अ‍ॅप सरकारी फॉर्मसारखं रुक्ष आहे. मला त्याचं काही वाटत नाही, भाच्याला वाटतं.

आता मुख्य अट. तयार डेक, म्हणजे दुसऱ्याने केलेले कार्डांचे गठ्ठे, घेऊ नका. हजारो शब्दांचे फुकट डेक पोरं एकमेकांना पाठवत असतात. पुढे ‘सँग्विन’, मागे ‘आशावादी’, संपलं. पोरगा धडाधड ईझी दाबत जातो, आणि सँग्विनपुढे अबाउट लावायचं की टु, हे विचारलं की पंख्याकडे बघतो. कार्ड स्वतः करायचं आणि वाचलेल्या वाक्यावरूनच करायचं. इंग्रजी पेपरच्या अग्रलेखात शब्द भेटला की अख्खं वाक्य उचलायचं, शब्दाच्या जागी गाळलेली जागा ठेवायची. अँकीत हा कार्डाचा तयार प्रकारच आहे, क्लोझ नावाचा. एका कार्डावर एकच गोष्ट. सँग्विनचा ‘लालसर चेहऱ्याचा’ हा अर्थही हवा असेल तर त्याचं कार्ड वेगळं. यात वेळ जातो, कबूल. पण निम्मं पाठांतर कार्ड करतानाच होऊन जातं.

इडियम्सना एवढ्यानेही भागत नाही. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे, हे सगळ्यांना येतं. पण शोकसंदेशात तसं लिहिलंत तर लोक कायमचे दुरावतील. म्हणून मी मागच्या बाजूला आणखी एक ओळ लिहायला लावते : कुठे वापरायचा नाही. माझ्या मते अख्ख्या कार्डातली सर्वांत कामाची ओळ हीच, आणि तयार डेकमध्ये नेमकी तीच नसते.

‘पिरिक व्हिक्टरी’चं कार्ड करताना आमची जुंपली. मी पिरस या ग्रीक राजाची इ.स.पू. २७९ ची अ‍ॅस्क्युलमची लढाई लिहायला सांगितली : रोमनांना हरवलं, पण स्वतःची माणसं इतकी गमावली की असा आणखी एक विजय परवडला नसता. भाच्याने त्याखाली लिहिलं : ‘पानिपत, १७६१, अब्दालीच्या बाजूने.’ मला हे पुरतं पटलेलं नाही. पण ते कार्ड तो एकदाही चुकलेला नाही, म्हणून राहू दिलं.

तेच ते कार्ड पुन्हापुन्हा चुकत राहिलं तर अँकी त्याला ‘लीच’, म्हणजे जळू, ठरवून बाजूला काढतं. मूळ सेटिंगमध्ये ही मर्यादा आठ वेळांची आहे. सोय उत्तम. असं कार्ड बहुधा वाईट लिहिलेलं असतं. ते मोडून नवं करा. मात्र सुट्टी या अ‍ॅपला मान्य नाही. लग्नाला गावी जाऊन आलात की कार्डांचा ढीग तुमची वाट बघत असतो. रोज नवी वीस कार्डं ही मूळ मर्यादा नोकरदाराला जड जाते, आठ-दहावर आणा.

ज्याला वाचायचाच कंटाळा आहे त्याने या वाटेला जाऊ नये. अ‍ॅप शब्द आणून देत नाही, आणलेले सांभाळतं. बाकीच्यांसाठी पाचपैकी चार तारे.

संगणकावर फुकट. अँड्रॉइडवरही फुकट, पण तिथे त्याचं नाव अँकीड्रॉइड. मिळत्याजुळत्या नावांची दुसरी अ‍ॅप्सही दिसतात, नाव नीट वाचून घ्या. आयफोनवर मात्र विकत, अमेरिकेतली किंमत २४.९९ डॉलर. आयफोनवाल्यांनी ब्राउझरमध्ये अँकीवेब उघडावं, ते फुकट चालतं.