माझ्या गाडीच्या इन्शुरन्समध्ये मीच नव्हते

जून २०२५ मधला मंगळवार. सकाळचे पावणेसात. इंग्लंडमधल्या स्लाऊमध्ये बाथ रोडवर माझ्या मागे निळे दिवे लागले. मला वाटलं ॲम्ब्युलन्स असेल, म्हणून मी डावीकडे घेतलं. ती गाडी माझ्यामागेच थांबली. पोलिसाने वाकून नम्रपणे विचारलं, ‘या गाडीचा इन्शुरन्स नाही, हे तुम्हाला माहीत आहे का?’

मी अगदी ठामपणे म्हटलं, आहे. मोबाइलमधली पीडीएफ उघडून दाखवली. त्यावर माझं नाव, आमचा पत्ता, गाडीचा नंबर, पुढच्या फेब्रुवारीपर्यंतची तारीख, सगळं होतं. त्याने ती नीट वाचली, कुठेतरी फोन लावला आणि परत येऊन सांगितलं, ‘ही पॉलिसी अकरा दिवसांपूर्वी रद्द झाली आहे. गाडी आम्हाला न्यावी लागेल. आतलं सामान काढून घ्या.’

मी डबा घेतला, छत्री घेतली आणि मुलाची कार सीट सोडवायला लागले. हात इतके थरथरत होते की तिचं बकल निघेना, शेवटी ते त्या पोलिसानेच काढून दिलं. ती सीट कडेवर घेऊन मी बाथ रोडच्या फुटपाथवर उभी राहिले आणि माझी होंडा जॅझ ट्रकवर चढताना पाहिली.

हे सविस्तर लिहितेय कारण नवऱ्याच्या किंवा बायकोच्या व्हिसावर आलेल्या, हातात भारतातलं लायसन्स असलेल्या आपल्या बऱ्याच जणांना नेमकं असंच गाठलं जातं. आणि ‘कागद खोटे असतात, बघून कळतं’ असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी तर खास लिहितेय. माझी पॉलिसी खोटी नव्हती. ती खऱ्या कंपनीकडून, खरे पैसे भरून घेतलेली होती. तिच्यात लिहिलेली बाई मात्र मी नव्हते.

मी नोव्हेंबर २०२४ मध्ये नाशिकहून इथे आले. एमएच-१५ चं लायसन्स, नऊ वर्षं गाडी चालवलेली, त्यात मुंबई-नाशिक घाट असंख्य वेळा. इथला नियम असा की भारतीय लायसन्सवर तुम्ही इथे राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवू शकता. त्यानंतर नाही. ऑस्ट्रेलिया, जपान, दक्षिण आफ्रिका अशा काही देशांचं लायसन्स इथे बदलून मिळतं, भारताचं मिळत नाही. म्हणजे वर्षाच्या आत इथलं प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स काढा, थिअरी द्या, प्रॅक्टिकल द्या. ते जमेपर्यंत वर्षभर चालवायला कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती इन्शुरन्सच्या किमतीची.

माझी नोकरी सकाळी सातची, बस बदलून जायला सव्वा तास, आणि त्याआधी मुलाला सांभाळणाऱ्या बाईंकडे सोडायचं. गाडीशिवाय जमणार नव्हतं. जानेवारीत आम्ही किमतींची तुलना करणाऱ्या साइटवर माझी खरी माहिती भरली. सर्वांत स्वस्त कोट आला २,४६० पौंडांचा. गाडीच आम्ही ३,२०० ला घेतली होती. नवऱ्याने गंमत म्हणून ‘लायसन्स कुठलं’ या प्रश्नाचं उत्तर बदलून यूके केलं आणि अनुभवाची तीच वर्षं ठेवली, तर आकडा थेट आठशेच्या घरात आला. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर कारण समजतं. डीव्हीएलएकडे, म्हणजे इथल्या आरटीओसारख्या खात्याकडे, आपली काहीच नोंद नसते, भारतातला नो क्लेम बोनस बहुतेक कंपन्या धरत नाहीत, त्यामुळे नऊ वर्षं चालवलेली बाई त्यांच्या लेखी कालची शिकाऊ. पण त्या दोन आकड्यांमधला फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की मन शांत बसत नाही. हा सगळा धंदा त्या फरकावरच चालतो.

नंबर मिळाला आपल्याच बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. एका ताईंनी टाकला होता, त्यांचा स्वतःचा इन्शुरन्स त्याच माणसाने करून दिलेला. त्यांचा हेतू शंभर टक्के चांगला होता, हे मी आजही म्हणते. मी फोन केला. पलीकडून स्वच्छ मराठी. ‘ताई, इंडियन लायसन्स ना? टेन्शनच घेऊ नका, आठवड्याला अशा चार केसेस करतो.’ मूळचा कुठला, नाशिकला कुठे राहता, गंगापूर रोडला आमचे पाहुणे आहेत, असं सगळं बोलणं झालं. परक्या देशात दोन महिने इंग्रजीत फॉर्म भरून दमलेल्या माणसाला कुणी ‘ताई’ म्हटलं की अर्धा संशय तिथेच गळून पडतो. मी त्यांना दादा म्हणायला लागले.

दादांनी ९४० पौंड सांगितले, फुल कव्हर. कसं काय, असं विचारल्यावर म्हणाले, ‘ब्रोकरला वेगळे रेट मिळतात, ताई. साइटवर नसतात ते.’ हे वाक्य फसवं आहे, कारण ते अर्धं खरं आहे. खऱ्या ब्रोकरकडे कधी कधी साइटवर न दिसणाऱ्या पॉलिसी असतात.

त्यांनी एफसीएचा, म्हणजे इथल्या वित्तीय नियामकाचा, नोंदणी क्रमांकही पाठवला. तो आम्ही एफसीएच्या रजिस्टरवर तपासला असता तर क्रमांक खरा, पण फर्म भलतीच, हे दिसलं असतं. आणि तिथे दिलेल्या फोनवर फोन लावला असता तर एका मिनिटात सगळं उघड झालं असतं. आम्ही क्रमांक आहे एवढं पाहिलं आणि थांबलो.

पैसे दादांनी त्यांच्या भाच्याच्या खात्यावर टाकायला सांगितले. ‘कार्डाने घेतले तर मला चार्ज लागतो.’ बँकेचं ॲप पैसे पाठवताना कारण विचारतं. दादा फोनवरच होते. म्हणाले, ‘तिथे घरच्यांना पाठवतोय असं निवडा, ताई, नाहीतर बँक उगाच पेमेंट अडवते.’ मी निवडलं. इथे मी थांबायला हवं होतं. इन्शुरन्सचे पैसे भरताना बँकेशी खोटं बोलायला सांगणारा माणूस इन्शुरन्सवाला नसतो.

तासाभरात पीडीएफ आली. मी अगदीच डोळे मिटून बसले नव्हते. मोटर इन्शुरर्स ब्युरोची एक ऑनलाइन सेवा आहे, तिथे आपल्या गाडीचा नंबर टाकला की इन्शुरन्स नोंदला आहे की नाही ते फुकट कळतं. दोन दिवसांनी मी नंबर टाकला. उत्तर आलं, गाडी इन्शुअर्ड आहे. मी निर्धास्त झाले. पण ती सेवा एवढंच सांगते की या नंबरवर पॉलिसी आहे. ती पॉलिसी कुणाबद्दल काय लिहून घेतली आहे, ते तिथे दिसत नाही.

गाडी गेली त्या दिवशी दुपारी मी इन्शुरन्स कंपनीला फोन लावला. पॉलिसीचा नंबर सांगितला, त्यांना सापडला. नाव जुळलं, जन्मतारीख जुळली. मग पलीकडच्या मुलीने पोस्टकोड विचारला. मी आमचा सांगितला. ती म्हणाली, माफ करा, हा जुळत नाही. ईमेल विचारला. तोही जुळला नाही. मग तिने सांगितलं की सुरक्षेचे प्रश्न पार न झाल्यामुळे मला या पॉलिसीबद्दल काहीही सांगता येणार नाही. माझ्याच पॉलिसीबद्दल.

मग कायद्याने मिळणारा हक्क वापरून, तुमच्याकडे माझी जी काही माहिती आहे ती द्या, असा लेखी अर्ज केला. यावर त्यांना सहसा महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. आलेला कागद मी स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचला. पत्ता, सॉमरसेटमधल्या एका खेड्यातला. व्यवसाय, ग्रंथपाल. लायसन्स, फुल यूके, आठ वर्षं. नो क्लेम बोनस, सहा वर्षं. आणि पुढे: यूकेत केव्हापासून राहता? जन्मापासून.

त्या माणसाने अशी माहिती भरून कंपनीकडून सुमारे पाचशे पौंडांची पॉलिसी काढली होती. मग तिची पीडीएफ एडिट करून त्यावर आमचा पत्ता टाकला आणि मला पाठवली. कंपनीने नो क्लेम बोनसचा पुरावा आणि लायसन्सचा तपशील मागणाऱ्या मेल पाठवल्या, त्या सगळ्या त्याने उघडलेल्या ईमेलवर गेल्या. उत्तर नाही म्हणून कंपनीने सात दिवसांची नोटीस दिली, तीही तिथेच गेली, आणि पॉलिसी रद्द झाली. नंतर नंबर प्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्याने मला पकडलं. यात कंपनीचं किंवा पोलिसांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आणि खरं सांगायचं तर कॅमेऱ्याने पकडलं हे नशीब. त्या पॉलिसीवर मी कुणाला धडक दिली असती तर काय झालं असतं, हा विचार मला अजून रात्री जागं करतो.

या प्रकाराला इथे घोस्ट ब्रोकिंग म्हणतात. काही जण सरळ बनावट कागद देतात. काही जण खरी पॉलिसी काढून, तुम्हाला कागद पाठवून, लगेच ती रद्द करतात आणि परताव्याचे पैसेही खिशात घालतात. माझ्यासारखा तिसरा प्रकार सर्वांत उशिरा कळतो, कारण तपासलं तरी सगळं हिरवं दिसतं.

पुढचं ऐका, कारण इथे फार जणांचा गैरसमज असतो. ‘मी फसले’ हा इन्शुरन्स नसण्याच्या गुन्ह्यात बचाव होत नाही. गाडी रस्त्यावर होती आणि इन्शुरन्स नव्हता, एवढंच पाहिलं जातं. ३०० पौंड दंड आणि आयएन १० या गुन्ह्याच्या कोडखाली लायसन्सवर ६ दंडाचे पॉइंट. इथलं लायसन्स नसलं तरी डीव्हीएलए तुमच्या नावाने नोंद उघडून पॉइंट त्यावर टाकते. आम्ही घाबरून ठरलेला दंड भरून टाकला. भरून झाल्यावर एका वकिलाकडून कळलं की कोर्टात जाऊन ‘स्पेशल रीझन्स’ मांडता येतात. मला खरोखर फसवलं गेलं, हे पुराव्यानिशी पटलं तर न्यायाधीश पॉइंट न टाकण्याचा निर्णय घेऊ शकतात. मिळालेच असते असं नाही, पण तुमच्यावर अशी वेळ आली तर दंड भरण्याआधी एकदा वकिलाला विचारा.

गाडी सोडवणं हे वेगळंच प्रकरण. उचलून नेल्याचे १९२ पौंड, शिवाय ठेवल्याचे रोजचे २६. चौदा दिवसांत सोडवली नाही तर गाडीची विल्हेवाट लावतात. लॉगबुक (गाडीच्या नोंदणीचा कागद), लायसन्स आणि चालू इन्शुरन्स दाखवावा लागतो, आणि नेहमीच्या बऱ्याच पॉलिसींमध्ये जप्त झालेली गाडी सोडवायला परवानगीच नसते. त्यासाठी मुद्दाम किमान ३० दिवसांची वेगळी पॉलिसी घ्यावी लागली, २६५ पौंडांची. पाच दिवसांनी गाडी घरी आली.

दादांना मी त्याच दिवशी मेसेज केला होता. ‘ताई, बघतो, सिस्टिममध्ये एरर असेल.’ मग मी ब्लॉक.

फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या, तेव्हाच्या ॲक्शन फ्रॉडकडे तक्रार केली आणि इन्शुरन्स फ्रॉड ब्युरोलाही सगळे चॅट पाठवले. बँकेबद्दल मात्र मुद्दाम सांगते. ७ ऑक्टोबर २०२४ पासून इथे नियम आहे की फसवून तुमच्याच हाताने पैसे ट्रान्सफर करायला लावले असतील तर बँकेने ते परत करायचे. त्यातून १०० पौंडांपर्यंत रक्कम कापता येते, आणि तक्रार १३ महिन्यांच्या आत हवी. बँकेने मला विचारलं, घरच्यांना पाठवतोय असं का निवडलंत? मी चॅट दाखवला. काही आठवड्यांनी ८४० पौंड परत आले. चॅट डिलीट केला असता तर मी काय दाखवलं असतं, देव जाणे. तुम्हीही काहीही पुसू नका.

आता माझा इन्शुरन्स १,६९० चा आहे. ब्रिटिश इन्शुरन्स ब्रोकर्स असोसिएशनमार्फत ब्रोकर शोधला, त्याचा नंबर एफसीएच्या रजिस्टरवरून घेतला, आणि गाडी कशी चालवते ते नोंदवणारा ब्लॅक बॉक्स गाडीत बसवून घेतला. ‘पूर्वी कधी पॉलिसी रद्द झाली आहे का?’ या प्रश्नाला मला हो म्हणावं लागतं आणि त्याचे पैसे मोजावे लागतात. मधल्या काळात एका मित्राने सुचवलं होतं की नवऱ्याला मुख्य ड्रायव्हर दाखव आणि तू दुसरी हो. गाडी रोज मीच चालवणार असेन तर तीही फसवणूकच, आणि या वेळी ती आम्ही केलेली असती. थिअरी झाली, २३ पौंड. प्रॅक्टिकलची ६२ पौंडांची तारीख पाच महिन्यांनंतरची मिळाली, माझे १२ महिने त्याआधीच संपत होते. तोवर मधले काही आठवडे बस. कुणी नुकतं आलं असेल तर ३४ पौंडांचं प्रोव्हिजनल विमानातून उतरल्याच्या आठवड्यातच ऑनलाइन मागवा.

आणि तुमची पॉलिसी कुणीही काढून दिली असली तरी आज एक करा. कागदावर छापलेल्या नंबरवर फोन करू नका, तोही बदललेला असू शकतो. कंपनीचा नंबर तिच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, फोन लावा आणि तुमचा पोस्टकोड, ईमेल व लायसन्सचा प्रकार त्यांच्याकडे काय आहे ते जुळवून बघा.

ज्या ताईंनी नंबर दिला होता त्यांना मी हे सांगावं की नाही, यात माझे तीन दिवस गेले. त्यांना वाईट वाटेल असं वाटत होतं. शेवटी फोन केला. त्या आधी मानेचनात. ‘अगं, माझी तर दोन वर्षं चालू आहे, काही झालं नाही.’ मी म्हटलं, ताई, फक्त पोस्टकोड विचारा. मी लाइनवरच थांबते म्हटलं, तर नको म्हणाल्या.

वीस मिनिटांनी त्यांचा फोन आला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, ‘जुळला नाही गं.’

दुसऱ्या दिवशी सकाळी पावसात त्या दोन्ही मुलांना घेऊन शाळेत चालत जाताना मला बसमधून दिसल्या.