पिवळा मीटर: आठ महिने वापरल्यावर

वस्तू: डिजिटल मल्टिमीटर (व्होल्ट, करंट, रोध मोजायचं यंत्र), डीटी-830 डी. परभणीच्या स्टेशन रोडवरच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून घेतला, 250 रुपये. घासाघीस केली असती तर 220 ला पण दिला असता, पण त्या दिवशी माझी घासाघीस करायची मनःस्थिती नव्हती.

आधी गाडीचं सांगते, कारण गाडी नसती तर हा मीटर माझ्या घरात आलाच नसता. गाडी पेट्रोलवरची, छोटी, 2013 ची, सेकंडहँड घेतलेली. माझी शाळा पोखर्णीच्या पुढं, गंगाखेड रोडवरून आत. रोज जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. नवरा पुण्याला नोकरीला, त्यामुळं गाडीचं दुखणंखुपणं माझ्याच गळ्यात.

मे महिन्यात तिनं पहिल्यांदा दगा दिला. चावी फिरवली की नुसतं "टक". एकदाच. पुढं काही नाही. गॅरेजवाला आला, बोनट उघडलं, बॅटरीकडं नुसतं बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, बॅटरी बसली. परभणीचं ऊन, दुसरं काय." उन्हावर ढकललं की परभणीकराला काहीही पटतं. आणि उन्हानं बॅटरी लवकर मरते हे खोटंही नाही. 4,200 रुपये मोजले, नवी बसवली, गाडी चालू झाली. मी खूश.

15 ऑगस्टला सकाळी सहा वाजता पुन्हा "टक".

झेंडावंदनाचा दिवस. अंगात पांढरी साडी, डिकीत पोरांसाठी बुंदीच्या लाडवांचा डबा, आणि गाडी अंगणात गपगार. शेवटी सोबतच्या बाईंच्या स्कूटीवर मागं बसून, डबा मांडीवर घेऊन गेले. पोखर्णीपर्यंत झाकण दाबून धरलं होतं. गॅरेजला फोन लावला तर उत्तर: "आता सेल्फ गेला असंल. उद्या टोचन करून आणा. साडेसहा हजारापर्यंत जाईल." सेल्फ म्हणजे चावी फिरवली की इंजिन फिरवणारी मोटर. गाडी न बघता, फोनवर! मे महिन्यात बॅटरी, ऑगस्टमध्ये सेल्फ, मग दिवाळीला इंजिनच बदलायचं का, हा प्रश्न मी लाडवाच्या डब्यावर हात ठेवून स्वतःलाच विचारला.

माझ्या नणंदेचा मुलगा आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या ट्रेडला आहे. दुपारी त्याला व्हिडिओ कॉल केला. तो म्हणाला, "मामी, एक मीटर आणा आधी. अडीचशेचा पिवळा. मोजल्याशिवाय एक बोल्ट खोलायचा नाही."

खोक्यातून पिवळं डबडं निघालं तसे ओट्यावर बसलेले आमचे अण्णा, म्हणजे सासरे, म्हणाले, "काय करायलीस बाई? डॉक्टरवाणी नाडी बघायलीस का?" अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. त्यांच्या हिशेबात गाडी उठत नसेल तर उतारावर लावायची, दुसऱ्या गिअरला क्लच सोडायचा, विषय खलास. मी म्हणलं, "अण्णा, तुम्ही आत बसा आणि मी सांगितलं की सेल्फ मारा." ते लगेच उठले. पंधरा वर्षांनी कुणीतरी त्यांना स्टिअरिंगवर बसवत होतं.

भाच्याच्या पहिल्या दोन सूचना मीटरच्या नव्हत्याच. एक, पदर खोचा, पट्टा ओढून नेईल. दोन, पाटल्या काढा. पाटली बॅटरीच्या प्लसच्या पोलाला (वर आलेल्या धातूच्या टोकाला) आणि गाडीच्या पत्र्याला एकदम टेकली तर जाळ होतो. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक वर. मग मीटर. त्याच्या गोल बटणावर बरेच आकडे आहेत, आपल्याला लागतं फक्त सरळ रेघेच्या (म्हणजे डीसी) व्होल्टमधलं 20.

पहिलं मोजमाप गाडी बंद असताना, दोन्ही टोकं बॅटरीच्या पोलांवर: 12.52. म्हणजे बॅटरी ठणठणीत. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली गेली की तिची दमछाक झालेली असते. गाडी नुकतीच चालवून आला असाल तर मोजू नका. आकडा फुगलेला येतो.

दुसरं, टोकं तिथंच ठेवून अण्णांना सांगितलं, मारा. "टक." मीटर 12.52 वरून 12.31 वर आला आणि थांबला. मला वाटलं, वा, बॅटरी किती दमदार! भाचा पलीकडून ओरडला, "मामी, तेच तर वाईट आहे की! सेल्फ करंट ओढायला लागला असता तर दहा-अकरावर आली असती. करंट जायलाच नाही."

इथं माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला. मी सातवीला विज्ञान शिकवते. व्होल्टेज म्हणजे टाकीतल्या पाण्याची उंची, असं फळ्यावर काढून दाखवते. टाकी भरलेली आहे, नळ उघडलाय, तरी टाकी उतरत नाही. मग पाइप कुठंतरी तुंबलाय, नाहीतर नळच बिघडलाय.

तिसरं मोजमाप म्हणजे या अडीचशे रुपयांचा खरा वसूल. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या मायनस पोलावर. वायरीच्या क्लॅम्पवर नाही, मधल्या शिशाच्या पोलावरच. लाल टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर, रंग नसलेल्या ठिकाणी. सेल्फचा करंट इंजिनाच्या धातूतूनच बॅटरीच्या मायनसला परत येतो, म्हणून सेल्फ मारला की इथं जवळजवळ शून्य यायला पाहिजे, पॉइंट दोन-तीन म्हणजे ठीक. अण्णांनी चावी फिरवली. 7.40.

मी परत मारायला लावलं. 7.38. बॅटरीच्या बारा व्होल्टमधले सात व्होल्ट मायनसच्या वाटेतच मरत होते. सेल्फला उरले पाच. पाच व्होल्टात तो बिचारा टक नाही करणार तर काय करणार?

खात्री करायला भाच्यानं जम्पर केबल, म्हणजे टोकांना चिमटे असलेली जाड वायर, आणायला लावली. शेजारच्या काकांकडं होती. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनाच्या लोखंडी हुकाला. म्हणजे जुन्या वायरीला बाजूला ठेवून नवा रस्ता. अण्णांनी चावी फिरवली आणि गाडी अर्ध्या सेकंदात उठली. अण्णांनी हॉर्न वाजवला. गरज नव्हती, पण वाजवला.

गुन्हेगार सापडला तो बॅटरीच्या खाली, मायनसची केबल गिअरबॉक्सला जिथं बोल्टनं कसलेली असते तिथं. बॅटरीची मायनस आधी सोडवली, मग 12 नंबरच्या पान्यानं तो बोल्ट. वायरीच्या टोकाची थिंबल (बोल्ट जातो ती धातूची कडी) हातात आली तर तिच्यावर पांढरट-हिरवा भुगा, बोट लावलं की सुटणारा. जुन्या बॅटरीचं ॲसिड कधीतरी ठिबकलं असणार आणि वरून पावसाचं पाणी. काचकागदानं थिंबल तांबं दिसेपर्यंत घासली, गिअरबॉक्सवरची जागा चकचकीत केली, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलिन फासलं. पुन्हा मोजलं, 0.18. त्या दिवसापासून आजपर्यंत "टक" नाही. मे महिन्यात नवी बॅटरी बसवताना ती केबल हलली आणि तेवढ्यापुरता संपर्क जमला, असं माझं मत. 4,200 गेले ते गेले. मोजलं नाही एवढीच त्या गॅरेजवाल्याबद्दल माझी तक्रार.

कुणी विचारेल की वायरीचा रोध सरळ ओहममध्येच का मोजला नाही? मोजला. मीटर दाखवतो 0.4, आणि नुसती दोन टोकं एकमेकांना चिकटवली तरी तेवढंच दाखवतो. म्हणजे तो स्वतःच्याच वायरी मोजतो. सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढायला बघतो. नुसता 0.05 ओहमचा अडथळा असला तरी गुणाकार करा, पाच व्होल्ट तिथंच जातात. आणि 0.05 या मीटरला दिसतच नाही, त्याची शेवटची पायरीच 0.1 ची. म्हणून गाडीतली जाड वायर ओहममध्ये तपासायची नाही, सेल्फ मारत व्होल्टमध्ये तपासायची. हे मला भाच्यानं सांगितलं आणि मी पुढच्या सोमवारी वर्गात सांगितलं. पोरांना ओहमचा नियम पहिल्यांदा खरा वाटला असावा, कारण मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "बाई, मग आमच्या ट्रॅक्टरचं पण तेच आहे."

आता मीटरचे दोष. आहेत आणि बरेच आहेत.

सगळ्यात मोठा, आणि हा दोष नाही, धोका आहे: खाली तीन भोकं आहेत. लाल वायर मधल्या भोकात ठेवायची. वरचं 10 अँपिअरचं भोक म्हणजे आत सरळ एक जाड तार, त्याला फ्यूज नाही. लाल वायर चुकून तिथं राहिली आणि तुम्ही बॅटरीवर टोकं लावली तर तुम्ही बॅटरीच शॉर्ट केली. ठिणग्या उडतात, वायर वितळते, हात भाजतो. मी त्या भोकात कापूस कोंबून वर चिकटपट्टी लावलीय. आणि सेल्फचा करंट या मीटरनं मोजायच्या नादी लागूच नका.

वायरी मुंगीच्या पायासारख्या. महिन्याभरात काळ्या वायरीचं टोक मुळाशी हलायला लागलं. टोकं पोलावरून घसरतात. 30 रुपयांच्या मगरचिमट्या घेतल्या तेव्हा कुठं एका माणसाचं काम एका माणसानं व्हायला लागलं, नाहीतर दर वेळी अण्णा लागायचे (त्यांची हरकत नव्हती). पडद्यामागं उजेड नाही, पहाटे मोबाइलचा टॉर्च लावून, तो तोंडात धरून वाचावं लागतं. आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो, त्यामुळं सेल्फ मारताना बॅटरी क्षणभर किती खाली गेली ते नेमकं पकडता येत नाही, अंदाज येतो. आणि बंद करायला विसरलात तर तो आपणहून बंद होत नाही, आतला नऊ व्होल्टचा सेल हळूहळू बसतो. गाडीची बॅटरी बसली का बघायला गेले आणि मीटरचीच बसलेली, असं माझ्याबाबतीत दोनदा झालंय.

आणखी एक. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन धरत नाही, ही वेगळी तक्रार. तिथं मीटरच्या आधी कान लावा. चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोन सेकंद "गूं" असा आवाज येतो का? तो पेट्रोलचा पंप. नोव्हेंबरात शेजारच्या काकांच्या गाडीत तो येईना. फ्यूजच्या माथ्यावर दोन बारीक धातूचे ठिपके असतात. चावी ऑन ठेवून, काळं टोक पत्र्याला लावून, लाल टोक दोन्हीवर लावलं. एकीकडं 12, दुसरीकडं शून्य. फ्यूज उडालेला. पण फ्यूज उगाच उडत नाही. शोधल्यावर उंदरानं सोललेली वायर सापडली. काकांच्या घरात तेव्हा सोयाबीनची पोती होती, उंदरांना गाडी म्हणजे जवळचं माहेर. ते काम मात्र वायरमनलाच दिलं. मीटर जागा दाखवतो, वायर जोडून देत नाही.

गाडी चालू असताना पोलांवर 13.8 ते 14.4 दिसलं तर चार्जिंग नीट. माझी 14.1 दाखवते. एवढं एक मोजमाप महिन्यातून एकदा करते, दुसरं काही करत नाही.

पाचपैकी साडेतीन. अर्धा त्या फ्यूज नसलेल्या भोकासाठी कापला, एक त्या वायरींसाठी. घेताना दुकानातच सेल घालून बघा, दोन्ही टोकं चिकटवून ओहममध्ये आकडा स्थिर येतो का बघा, नाचत असेल तर दुसरा मागा. दुकानदार कुरकुरतो, मागाच.

मीटर आता गाडीत नसतो, अण्णांच्या उशाशी असतो. टीव्हीच्या रिमोटचे, भिंतीवरच्या घड्याळाचे, माझ्या ब्लडप्रेशरच्या मशीनचे, घरातले सगळे सेल ते मोजून वहीत लिहितात. रिमोटचा 1.1 वर आला की मालिका सुरू व्हायच्या आत बदलून ठेवतात.