मोबिलिटी स्कूटर: तीन चाकी की चार चाकी?

गुडघे साथ देत नाहीत, पण ताठ बसता येतं आणि हँडल नीट धरता येतं, अशा आई-वडिलांसाठी ही बसून चालवायची, बॅटरीवरची स्कूटर. (हात थरथरत असतील तर जॉयस्टिकची व्हीलचेअर बघा.)

तीन चाकी थोड्या जागेत वळते. लिफ्ट, अरुंद पॅसेज, दुकानांतल्या बोळी यांत ती सोयीची, पायांनाही मोकळी जागा. पण वेगात वळवली किंवा तिरक्या उतारावर नेली, तर कलंडण्याचा धोका जास्त. आपले उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि घाईघाईने बांधलेले रॅम्प पाहता हा धोका मला फार मोठा वाटतो.

चार चाकी जास्त स्थिर. वळायला जागा मात्र जास्त लागते आणि सहसा ती जड असते. तरी रोज बागेत, देवळात, भाजीला जायचं असेल तर चार चाकीच घ्या.

विमानप्रवास होणार असेल, तर काढता येणारी लिथियम बॅटरी 300 वॉट-तासांपर्यंतचीच (वॉट-तास म्हणजे बॅटरीच्या क्षमतेचं माप) हवी. आणि पैसे देण्याआधी लिफ्टच्या दाराची रुंदी आणि लिफ्ट आतून किती खोल आहे, दोन्ही मोजा. जमलं तर विक्रेत्याला स्कूटर घरी आणायला सांगा आणि तुमच्याच रॅम्पवर, ज्यांना वापरायची त्यांनाच चालवू द्या.